गुडघ्याखालची उशी

सायखेड्यात माझी एक ख्याती आहे. मुलाच्या लग्नात ऐन पंगतीच्या वेळी रुसून बसलेली वरमाई ती मी. इतकी वर्षं झाली, तरी तिथली एखादी म्हातारी कुठे भेटली की डोळे बारीक करून विचारते, "त्या खुर्चीवाल्या विहीणबाई तुम्हीच का?" मी म्हणते, हो, मीच. आता काय सांगणार? बसले नव्हते हो मी. बसताच येत नव्हतं, म्हणून उभी होते.

आमच्या कॉलनीतल्या बायका मागे लागल्यात, की तुमचे दोन्ही गुडघे बदलून झालेत, तर त्याबद्दल काहीतरी लिहा, आमची पाळी जवळ आलीय. डॉक्टरांकडून माहिती मिळते, धीर मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लिहिते. फक्त माझ्या गुडघ्यांची गोष्ट दवाखान्यात सुरू होत नाही. ती मांडवात सुरू होते.

तेव्हाची मी

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकच्या सिडकोत राहायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे अंबडला कारखान्यात. सकाळच्या पाळीला गेले की मी राज्य करायला मोकळी. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराला जायचं, मेथीच्या जुड्या, वांगी, द्राक्षांचे दिवस असले तर वर कागदात बांधलेली द्राक्षं, अशा दोन गच्च पिशव्या घेऊन बसमधून उतरायचं आणि तिन्ही जिने न थांबता चढायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई कठड्याला धरून हळूहळू चढायच्या. त्यांना ओलांडून जाताना मी म्हणायचे, "येते हं, दूध गॅसवर आहे." दूध कधीच गॅसवर नसायचं.

त्या तेव्हाच्या मला आज गाठता आलं ना, तर आधी एक टपली मारीन आणि मग बसवून चहा पाजीन.

कारण मग गुडघा बोलायला लागला. जिना चढताना आतून भाजका पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मी काय केलं? घरात असले की रेडिओ मोठा लावायला लागले. हळदीकुंकवाला सगळ्याजणी सतरंजीवर बसल्या की मी तिळगुळाचा डबा हिसकावून घ्यायचे. "तुम्ही बसा गं, मी वाटते!" बायका म्हणायच्या, केवढा उत्साह! निर्गुडीचा पाला, एरंडाचं पान, तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, सगळे उपचार दार लावून. ह्यांनी विचारलं, "घरात हा वास कसला?" की माझं उत्तर ठरलेलं: "शेजारून येतोय."

मांडव

आमच्या मिलिंदचं लग्न सायखेड्याच्या सीमाशी ठरलं. सीमाची आई, विमलबाई, सरकारी दवाखान्यात नर्स. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळ्यांच्या त्या सिस्टर. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. आमच्यात रीत अशी, की मुलीच्या आईने वरमाईचे पाय धुवायचे आणि मग मानाची पंगत: पाट, रांगोळी, केळीचं पान.

पाय धुवायला मला बुटक्या चौरंगावर बसवलं. बसताना जी कळ आली ती पार टाळूपर्यंत. विमलबाईंनी परातीत माझे पाय घेतले, कोमट पाणी घातलं, बोटांच्या बेचक्यांतून पुसून काढले. उठताना मी नणंदेच्या गळ्यात असा काही हात टाकला, की तिला वाटलं वहिनीचं प्रेम उतू जातंय. आणि समोर तो पाट! जमिनीपासून दोन बोटं उंच.

मी उभीच राहिले.

"बसा ना विहीणबाई."

मी गप्प.

"आमचं काही चुकलं का?"

गुडघे दुखतात, एवढं म्हणायला जीभ रेटेना. मुलाच्या लग्नात भर मांडवात ते कबूल करायचं म्हणजे मी म्हातारी झाले याची पत्रिका छापून वाटण्यासारखं. तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "वरमाई रुसली वाटतं!"

मला हायसं वाटलं. रुसणं हा तर वरमाईचा हक्कच. मी मान थोडी वर केली, ओठ दुमडले. तेवढं नाटकाचं अंग मला आहे.

मग काय धावपळ! एक जादाची साडी आली, मोरपंखी रंगाची, जरीचे काठ. मी ती घेतली आणि तरी उभीच. साडीने गुडघा थोडाच वाकतो? आमच्या ह्यांनी तर असं तोंड फिरवलं, जसं काही ही बाई कोण, आम्ही ओळखत नाही. शेवटी विमलबाईंचा खणखणीत आवाज आला, "आमच्या विहीणबाईंना खुर्चीचा मान! हेडमास्तरांची हातांची खुर्ची आणा रे. बिनहातांची नको. अन् वर दोन चादरी घडी करून टाका."

खुर्ची आली, टेबल आलं. सगळी पंगत खाली आणि मी वर, राणीसारखी. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट मिरवली. "व्याह्यांनी मला सिंहासन दिलं होतं, चादरीची गादी घालून!" विमलबाई मात्र सणावाराला आल्या तरी मोजकंच बोलायच्या, जेवण झालं की सायखेड्याची बस गाठायच्या. मी मनात म्हणायचे, साडी झोंबलीय अजून.

एक्स-रे

पुढे एवढं झालं, की मला जिना खेकड्यासारखा आडवा उतरावा लागायचा. दोन्ही हात कठड्याला, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी. तोवर नात झाली होती. ती पायांवर चालायला लागली आणि माझ्यामागून तशीच आडवी उतरायला लागली. कठड्याला धरून, तोंडाने "आई गं" म्हणत. तिला वाटायचं जिना असाच उतरतात. सगळे हसले. मीही हसले. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "आजी, इथे फट दिसायला हवी होती. तुमची गादी झिजलीय. हाडावर हाड घासतंय." मला त्या क्षणी 'आजी' हा शब्दच जास्त लागला. बाहेर बाकड्यावर येऊन बसले तेव्हा बाकीचं कळलं आणि पदराने डोळे पुसले. भीती मरणाची नव्हती. आता मला कुणीतरी उठवणार, धुणार, पुसणार, याची होती.

घरात दोन पक्ष पडले. हे म्हणायचे, "चालत्या बाईला कशाला झोपवायचं?" मिलिंद म्हणायचा, "बाबा, आई चालते कुठे? भिंतीला धरून सरकते." बापलेकांचं बोलणं बंद झालं. मीठ द्या म्हणायचं तरी मध्ये सीमा. सीमाने वाद घातला नाही. तिने गवंडी बोलावला आणि बाथरूमात कमोड बसवून घेतला. मला तो माझा अपमान वाटला. खालच्या मजल्यावरच्या बाई तर तो बघायला वर आल्या. पण पहिल्या दिवशी त्यावर बसले आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा सकाळ न रडता गेली. दुपारी मी सांगून टाकलं, ऑपरेशन करायचं. आधी उजवा.

दवाखाना

दवाखान्यात दिवस घड्याळावर नाही, ट्रॉलीच्या आवाजावर चालतो. एक ट्रॉली आली की ताप, एक आली की गोळ्या, एक आली की चहा. पहाटे थंडी अशी, की खिडकीची काच दहीभातासारखी पांढरी. तिथल्या सिस्टर यायच्या, "घोटा वर, घोटा खाली, झोपा काढू नका." ऑपरेशन होऊन मी नीट शुद्धीवर येते न येते तोच त्यांनी मला वॉकर धरून उभं केलं. मी ओरडले, तर शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून उठून बसली.

दुखण्यापेक्षा लाज मोठी होती. बेडपॅन हा शब्दच मी कुणापुढे उच्चारला नव्हता. पण तिथल्या मावशी ते भांडं आधी गरम पाण्याने धुऊन आणायच्या, थंड लागू नये म्हणून. आणि मग खिडकीकडे तोंड करून त्यांच्या भावाच्या द्राक्षबागेबद्दल बोलत राहायच्या, माझं होईपर्यंत. मी कितीतरी उपकार विसरले असेन. ते कोमट भांडं विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी विमलबाई कापडी पिशवी घेऊन दारात उभ्या. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

"सीमानं बोलावलंय," म्हणाल्या. "तुमचं घरी नीट होईस्तवर राहते."

माझ्या चेहऱ्याकडे नंतर बघितलं, आधी पायाकडे. ह्यांनी प्रेमाने माझ्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली होती. विमलबाईंनी ती काढून घेतली. नुसती ओढली नाही, पाय हाताने तोलून धरला आणि मग काढली, पण काढली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली.

"अहो, दुखतंय ना मला!"

"दुखणारच. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं आणि गुडघा तसाच वाकडा धरतो. अधांतरी राहू द्या."

मी छताकडे बघत मनात म्हटलं, लागली मोरपंखी साडी वसूल करायला.

तिसरा मजला

मिलिंदच्या मित्रांनी मला खुर्चीत बसवून तिन्ही जिने उचलून नेलं. म्हटलं, आयुष्यातलं दुसरं सिंहासन. पण वर गेल्यावर लक्षात आलं, की गुडघा वाकल्याशिवाय आता खाली उतरणं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर अडकले होते आणि सोबतीला विमलबाई.

काय त्यांचा कारभार! पाणी मागितलं तर, "टेबलावर आहे. वॉकर धरा." चहा मागितला तर, "स्वयंपाकघरापर्यंत या, गरम पिऊ." टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, वेळेवर गोळी, अंग पुसताना पडदा ओढलेला, कधी एक शब्द वावगा नाही. पाय पुसताना तीच सवय, बोटांच्या बेचक्यांतून. आणि सकाळ-संध्याकाळ एकच घोष: "टाच मागं ओढा. अजून. अजून."

मी त्यांना फसवायचे. त्या अंघोळीला गेल्या रे गेल्या की हे पाऊल न वाजवता यायचे आणि उशी माझ्या गुडघ्याखाली. बाथरूमच्या कडीचा आवाज आला की उशी परत ह्यांच्या मांडीवर, वर पेपर. ह्यांचं प्रेम बोलण्यात कधीच नव्हतं. ते सगळं त्या उशीत होतं, मी ते कसं नाकारणार?

एकदा हे बाहेर गेले होते म्हणून मी सीमाला उशी मागितली. बिचारीने दिली आणि नेमक्या विमलबाई आल्या.

"नर्सची मुलगी ना तू? लाज वाटायला पाहिजे."

"आई, मी त्यांची सूनपण आहे ना! तू ओरडतेस, अहो आई ओरडतात, मी कुणाचं ऐकू?"

सीमा स्वयंपाकघरात गेली आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये रडून घेतलं. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो.

टाके काढायला गेलो, तर डॉक्टरांचा चेहरा उतरला. पाय धड सरळ होत नव्हता, धड वाकतही नव्हता. "पुढच्या भेटीपर्यंत काटकोनात तरी वाकला पाहिजे. नाहीतर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल."

पुन्हा ती खोली, तो वास, ते वरचे दिवे. आणि अचानक हे खुर्चीवरून उठले. माणूस कारखान्यात साहेबासमोरही असा उभा राहिला नसेल. म्हणाले, "डॉक्टर, उशी मी ठेवत होतो."

विमलबाई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर ती उशी उचलून त्यांनी ह्यांच्या हातात दिली. "आता ही तुमच्या डोक्याखाली घ्या."

साडीचा हिशेब

त्या दुपारी मी खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते. विमलबाई समोर स्टुलावर, माझा घोटा त्यांच्या तळहातावर.

"वाकवा."

"नाही."

"विहीणबाई, दिवस चाललेत. वाकवा."

"तुम्हाला मजा वाटतेय!" माझा तोल गेला. "घ्या, वसूल करून घ्या एकदाची ती साडी!"

"कुठली साडी?"

"मोरपंखी. लग्नातली. मी रुसले होते म्हणून आणावी लागली ती."

त्यांनी बर्फ बाजूला ठेवला. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्यांचं सगळं अंगच हसायला लागलं. चष्मा काढून डोळे पुसले.

"तुम्ही कुठं रुसला होता? पाय मी धुतले ना तुमचे! लुगडं जरा वर सारलं, तर गुडघे हे एवढे फुगलेले. चौरंगावरनं उठताना नणंदेच्या गळ्याला लोंबकळला तुम्ही. अर्धं आयुष्य वॉर्डात गेलं माझं, एवढं नाय कळणार?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला का? बाई भर मांडवात ओठ दुमडून उभी, पण दुखतंय म्हणायला तयार नाय. मंग मी कशाला सांगू? म्हटलं, रुसली म्हणतात तर रुसू द्या. पण पाटावर बसली असती तर चौघांनी उचलावी लागली असती. म्हणून खुर्ची मागवली. हातांची, कारण उठताना रेटा कशाला देणार? चादरी टाकल्या, कारण ती खुर्ची बुटकी होती."

"आणि मी सगळ्या नाशिकभर सिंहासन, सिंहासन सांगत फिरले..."

"सांगा की. खुर्ची होतीच चांगली, सागवानी."

"मग आमच्याकडे आलात की तोंड मिटून का बसायच्या?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "भीती वाटायची. तुमच्याशी गप्पा रंगल्या अन् माझ्या तोंडून ते गुडघ्याचं निसटलं, तर? साडी घेऊनपण उभी राहणारी बाई! घरात सीमाला ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा जेवायचं अन् बस धरायची."

मला माझंच ते मांडवातलं ध्यान दिसायला लागलं. दुमडलेले ओठ, काखेत साडी, आणि समोर ही बाई मनातल्या मनात खुर्चीची उंची मापतेय. मला हसू फुटलं. आधी बारीक, मग पोट धरून. हसता हसता मी पुढे वाकले आणि—

"थांबा!" विमलबाई ओरडल्या. "हलू नका! तिथंच धरा!"

पाय माझ्या नकळत मागे गेला होता. आदल्या दिवशी जिथे अडत होता त्याच्या कितीतरी मागे. कळ आली, चांगलीच आली. पण तोवर उशीर झाला होता, गुडघा वाकला होता.

त्यानंतर व्यायामाच्या वेळी मीच सुरुवात करायचे, "विमलबाई, मी उठताना वन्सं काय म्हणाल्या सांगू?" दुखणं गेलं नाही. फक्त त्यांच्यावरचा संशय गेला, आणि दुखण्याचं निम्मं ओझं त्या संशयाचं होतं असं दिसून आलं. पुढच्या भेटीला डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला, वाकवला, आणखी वाकवला आणि म्हणाले, "काटकोनाच्या पुढे गेलाय. काय केलंत?" हे घाईने म्हणाले, "उशी बंद केली."

डावा पुढच्या थंडीत केला. तेव्हा मी स्वतः फोन करून विमलबाईंना बोलावलं, सीमाला मध्ये न घालता. आणि सरळ जिना उतरायला लागल्यावर नातीला शिकवावं लागलं, की अगं, जिना असा समोर बघून उतरतात. तिला ते पटायला वेळ लागला. तिची आडवी पद्धत जास्त मजेची होती, असं ती अजून म्हणते.

मानाची पंगत

काही वर्षांनी विमलबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. आता त्या वरमाई. मुलीकडच्यांनी बाकी पाहुण्यांना टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या, पण मानाची पंगत रीतीप्रमाणे खाली, पाटांवर. नव्या विहिणीने त्यांचे पाय धुतले. मी लांबून बघत होते. उठताना त्यांनी सीमाच्या गळ्यात हात टाकला. सीमाला वाटलं, आईला भरून आलंय.

मला ती मिठी ओळखता आली.

विमलबाई पाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उभ्याच. "बसा ना," "बसा ना," सगळे म्हणायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांना दुखतंय तिथे बोट ठेवून सांगा म्हणणारी बाई, हसत हसत म्हणत होती, "बसते, बसते, तुम्ही सुरू करा."

मी माझे दोन्ही नवे गुडघे टाकत मांडवाच्या मधोमध गेले आणि आवाज चढवला. "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं? आमच्या विहीणबाई रुसल्यात!"

नवी विहीण घाबरीघुबरी होऊन साडीच्या पिशव्यांकडे धावली.

"साडी नंतर आणा," मी म्हटलं. "आधी खुर्ची. ही प्लॅस्टिकची नको, हातांची. अन् वर दोन चादरी टाका."

विमलबाई माझ्या कानाशी लागल्या, दात-ओठ खात. "अहो, मी कुठं रुसलेय?"

"गप्प उभ्या राहा," मी म्हटलं, "आणि ओठ दुमडा जरा."

त्यांनी दुमडले. नाटकाचं अंग त्यांना अजिबात नाही. पण खुर्ची आली, त्यांनी दोन्ही हातांवर भार दिला आणि हळूच बसल्या.